अडकित्ता कुणाचा होता?

आजचा भाग एका म्युझियमबद्दल आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. तलवारी आणि सिंहासनं यातलं काही सांगणार नाहीये. आज बोलायचंय सुपारी कातरायच्या अडकित्त्याबद्दल.

पुण्यात बाजीराव रोडजवळ, शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. नाव ऐकून वाटतं, कुणी राजे असतील. तसं नाही. दिनकर केळकर हे कवी, 'अज्ञातवासी' या नावानं लिहायचे. राजा हा त्यांचा मुलगा, जो लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीत हे संग्रहालय उभं राहिलं. केळकरांनी 1920 च्या सुमाराला वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची साथ होती. पुढे त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या साधारण अडीच हजारच मांडलेल्या दिसतात.

आणि जमवलं काय? दिवे, कुलपं, फण्या, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी, दारं, खिडक्या. मला सगळ्यात आवडते ती वज्री. वज्री म्हणजे पाय घासायची वस्तू. आज आपण टाचा घासायला प्लास्टिकचा ब्रश घेतो, तेच काम. खालची बाजू खरबरीत, वर मात्र पक्षी नाहीतर माणसांच्या आकृत्या. काही वज्र्या तर घासताना छुमछुम वाजायच्या! टाचेचा मळ काढायच्या वस्तूवर कारागिरानं एवढा जीव ओतलाय.

पण काचेसमोर उभं राहिलं की मला एक प्रश्न छळतो. हा अडकित्ता कुणाचा होता? पाटीवर धातू असतो, काळ असतो. वापरणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच. आणि जो साधा, बिननक्षीचा अडकित्ता घरोघरी होता, तो कुठे गेला? तो गेला मोडीत. पितळ वितळवता येतं, त्याचे पैसे येतात. त्यामुळे सुंदर वस्तू जपल्या गेल्या, रोजच्या वस्तू आटवल्या गेल्या. म्हणजे म्युझियममध्ये दिसतं ते 'रोजचं जगणं' थोडं निवडलेलं असतं, हे लक्षात ठेवायचं. इन्स्टासारखंच की!

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते 'कळकतं', म्हणजे चव आणि रंग बिघडतो. म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा, ती कल्हई. दारोदारी कल्हईवाला यायचा, भाता चालवायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा. मग स्टील आलं. घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही. बायकांचे कष्ट कमी झाले, चांगलंच झालं. पण 'आमटी कळकली' हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? भांडं काचेत ठेवता येतं, ते वाक्य नाही ठेवता येत.

हे सगळं आज का सांगतोय? कारण या मे महिन्यात आमचं गावचं घर रिकामं करायचंय. काका म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावू, एका दिवसात मोकळं होईल." त्यांचं चूक नाही. वन बीएचकेत तांब्याचा बंब आणि घंगाळ ठेवणार कुठे? मलाही सगळं नकोय. पण आजी आता ब्याऐंशीची आहे आणि कुठलं भांडं कुणी दिलं, हे फक्त तिला ठाऊक आहे.

म्हणून मी एक ठरवलंय, तुम्हीही करून बघा. भांडी विकण्याआधी ती उलटीपालटी करून बघायची. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. 'मामाकडून सप्रेम भेट', खाली तारीख. एका पातेल्यावर अख्खं लग्न सापडतं! फोटो काढा. मग आजीसमोर फोनचं रेकॉर्डिंग चालू करून चार प्रश्न विचारा: आजी, याला काय म्हणतात? कोण वापरायचं? कुठून आलं? यावर कधी भांडण झालं होतं का? शेवटचा विसरू नका, खरी गोष्ट तिथेच निघते.

केळकरांनी जमवायला आयुष्य घातलं. आपल्याला एक रविवार पुरेल. वस्तू गेली तरी चालेल, पण तिचं नाव आणि ती वापरणारीचं नाव तरी मागे राहू दे. तुमच्या घरात काय सापडलं ते मला आवाजी मेसेजमधून नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, आजीला फोन लावा!