एक खांब धावा, दोन खांब चाला

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, रेडिओचा आवाज तेवढा जरा वाढवा. आज बोलायचंय ते सकाळच्या चालण्या-धावण्याबद्दल, आणि आपल्या साखरखेर्ड्याच्या आसपास कुठे कुठे चालता येईल त्याबद्दल.

आधी एक जुनी गोष्ट आठवून बघा. घरात संडास नव्हते तेव्हा आपण बाया पहाटे अंधारात गावाबाहेर जायचो. विंचूकाट्याचं भय, पावसाळ्यात चिखल, गाडीचा उजेड पडला की उठून उभं राहायचं. ते दिवस परत नकोत, कुणालाच नकोत. पण त्या वेळी चार जणी मिळून जायच्या. सासू काय म्हणाली, कुणाची सोयरीक जमली, कुणाचा नवरा पिऊन आला, सगळं त्या वाटेवर बोललं जायचं. आणि पहाटे बाहेर जाणाऱ्या बाईला ‘कुठं चाललीस’ असं कुणी विचारत नव्हतं. संडास झाले, चांगलंच झालं, पण ती अर्ध्या तासाची मोकळीक गेली. आता त्याच वाटेनं, त्याच वेळी, अंगाला बरं वाटावं म्हणून बाई निघाली तर ओट्यावरून विचारतात, ‘काय बाई, शहरातली हवा लागली का?’

दुसरा प्रश्न आपल्याच बाया विचारतात. ‘दिवसभर शेतात राबतो, अजून कशाला पळायचं?’ प्रश्न खरा आहे. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत, कापूस वेचणीच्या दिवसांत जी बाई दिवसभर वाकून काम करते तिला पहाटे धावायला सांगणं बरोबर नाही. तिला झोप हवी, पोटभर जेवण हवं, आणि रक्त कमी असेल तर गोळ्या हव्यात. तिनं त्या दिवसांत खुशाल घरी राहावं. पण शेतातलं काम वाकून असतं, एका जागी असतं, ओझ्याचं असतं. पाठ सरळ, हात मोकळे, छातीभरून श्वास, असं चालणं शेतात होत नाही. आणि आपल्यातल्या कितीतरी जणी आता शिलाई मशीनवर बसतात, दुकान सांभाळतात, अंगणवाडीत असतात, गटाचे हिशेब लिहितात. साखर आणि बीपी आता खेड्यातही घरोघरी आलंय. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं आठवड्याला निदान 150 मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल करावी. म्हणजे रोजची अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. दोन दिवस सुट्टी धरूनच हिशेब आहे.

आता वाटा.

पहिली वाट गावातलीच. नवीन असाल तर इथूनच सुरू करा, कारण गावात उजेड असतो आणि ओळखीची दारं असतात. पलसिद्ध मठ, प्रल्हाद महाराजांचं संस्थान, जुनी मशीद, जुने वाडे अशी फेरी होते. पहाटे काकड्याची वेळ असते, अजान होते, कुठे सडा पडत असतो. वीरशैवांचा मठ, रामदासी परंपरेचं संस्थान आणि मशीद एकाच फेरीत लागावीत, असं गाव आपलं आहे. आपण रोज तिथून पिशवी घेऊन जातो म्हणून दिसत नाही. रिकाम्या हातांनी गेलं की दिसतं.

दुसरी वाट गावाबाहेरची. शेंदुर्जनच्या रस्त्यानं जा किंवा लव्हाळ्याच्या. ज्या बाजूला तुमचं घर, ती बाजू धरा. दोन्हीकडे काळी शेतं, मधून मुरमाड माळ, आणि पूर्वेला तांबडं फुटताना दिसणारं मोकळं आभाळ. याच भागात 11 ऑक्टोबर 1724 ला मोठी लढाई झाली. दख्खनचा निजाम-उल-मुल्क एका बाजूला, हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान दुसऱ्या बाजूला. दिल्लीच्या बादशहानंच मुबारिझखानाला आतून फूस दिली होती की निजामाला हटव. मुबारिझखान इथे मारला गेला. निजाम दिल्लीला नावापुरता मान देत राहिला, पण दख्खनचा खरा मालक तोच झाला. हैदराबादचं राज्य पुढे 1948 पर्यंत चाललं, त्याचा पाया आपल्या शिवारात घातला गेला. जिंकल्यावर निजामानं गावाचं नाव बदललं, फत्तेखेर्डा ठेवलं. इंग्रजांच्या कागदांतही ते नाव येतं. पण लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिलं. मला त्याचं फार कौतुक वाटतं. फर्मान निजामाचं होतं, पण पाण्याला जाणारी बाई, माहेरी निघालेली लेक ‘साखरखेर्ड्याची’च म्हणत राहिली, आणि तीनशे वर्षांनी तेच नाव एसटीच्या पाटीवर आहे.

पुढे 1757 मध्ये सिंदखेडजवळ मराठे आणि निजाम यांची गाठ पडली. त्या लढाईनंतरचा तहही साखरखेर्ड्याचा तह म्हणूनच ओळखला जातो. शाळेतल्या पोरांना हे सांगा. गावाच्या नावाचा तह आहे हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे.

या वाटेवर धावायचं कसं, तेही सांगते. पहिल्या दिवशी कुणीही पळत सुटू नका. पंधरा दिवस नुसतं झपझप चाला. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. मग रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजा. एक खांब हळू धावा, दोन खांब चाला. परत एक खांब धावा. महिन्याभरानं दोन धावा, एक चाला. घड्याळ नको, मोबाईल नको. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा आणि दवाखान्यात दाखवा. गुडघे दुखणाऱ्यांनी धावूच नये, त्यांना चालणं पुरतं. गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल तर आशाताईंना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

कपड्यांवरून फार अडू नका. साडी नेसायची असेल तर जरा वर खोचा, पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी बांधून घ्या. पण चप्पल घालून धावू नका, पाय मुरगळतो. साधे बूट घ्या. एका साडीच्या पैशांत येतात. लता भगवान करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळच्या आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातल्या. नवऱ्याच्या आजारपणाला पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई बारामतीला नऊवारीत, अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर 2020 मध्ये सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, त्याची राष्ट्रीय पुरस्कारांतही दखल घेतली गेली. सगळे टाळ्या वाजवतात. पण तपासणीच्या पैशांसाठी म्हातारपणी अनवाणी धावावं लागणं, हे टाळ्यांपेक्षा जास्त वेळ मनात राहायला हवं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगते. पहाटे आपल्या रस्त्यांवर मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीच्या मुली. त्यांना मैदानी चाचणीत 800 मीटर धावायचं असतं, त्याला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15, असे 50 गुण असतात. गावात त्यांना मैदान नाही, म्हणून त्या डांबरी रस्त्यावर धावतात. आमच्या गटातल्या एकीची मुलगी अशीच धावायची. मोटारसायकलवर दोन पोरं रोज मागं यायची, हॉर्न वाजवायची. घरी कळलं तेव्हा पोरांना कुणी काही बोललं नाही, मुलीचं धावणं बंद केलं. भरतीला दोन महिने राहिले होते. तिच्या आईनं गटाच्या बैठकीत हे सांगितलं आणि रडली. त्यावर भाषणं झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच जणी त्या रस्त्यावर चालायला गेल्या. मुलगी पुढे धावायची, या मागून चालायच्या. पोरं दोन दिवस आली, मग दिसेनाशी झाली. आठवड्यानं आणखी दोन मुली आल्या. आज चालणाऱ्या बाया अकरा आहेत आणि धावणाऱ्या मुली चार.

म्हणून म्हणते, तुम्हाला स्वतःच्या साखरेसाठी चालायचा कंटाळा येत असेल तर या पोरींसाठी चाला. एकट्या मुलीला रस्ता वेगळा असतो, मागे मावशी-काकू असल्या की तोच रस्ता वेगळा होतो. पाच-सहा जणींनी मिळून निघा. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. फिक्या रंगाची ओढणी किंवा शाल घ्या, एकीच्या हातात बॅटरी, एकीच्या हातात कुत्र्यांसाठी काठी. कुणी त्रास दिलाच तर 112 लावा. सोंगणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं अंधारात जातात, तेव्हा उजाडल्यावरच निघा. फाट्यापर्यंत दिवे हवेत, रस्त्यात आलेल्या बाभळी छाटायला हव्यात, हे महिला ग्रामसभेत मांडा. ती ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते. तिथे ठराव लिहून घ्या, नुसतं बोलून येऊ नका.

आणि वर्षातून एक-दोनदा गटानं जरा लांब जा. सिंदखेडराजा आपला तालुकाच. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला आपण जातो, पण त्या दिवशी गर्दीत धड काही बघून होत नाही. साध्या दिवशी सकाळी जा. जिथे 1598 मध्ये जिजाऊ जन्मल्या तो राजवाडा, लखुजीराव जाधवांची भव्य समाधी, नीळकंठेश्वराचं देऊळ, पुतळाबारव, मोती तलाव, चांदणी तलाव, हे सगळं पायी होतं. लखुजीरावांना 1629 मध्ये देवगिरीच्या दरबारात दग्यानं मारलं, दोन मुलं आणि एक नातू यांच्यासह. समाधीपाशी उभं राहिलं की लेकीचं माहेर एका दिवसात कसं तुटलं ते कळतं. पुतळाबारवेच्या पायऱ्यांवर मात्र सांभाळून, शेवाळ असतं.

लोणारलाही जा. उल्का पडून झालेलं ते विवर काठापासून काठापर्यंत साधारण पावणेदोन किलोमीटर आहे, म्हणजे वरून पूर्ण फेरी धरली तर साडेपाच-सहा किलोमीटर भरते. खाली जंगल आहे, अभयारण्य आहे. एकट्यादुकट्यानं उतरू नका आणि उतरायला सोपं वाटलं तरी चढायचंय हे लक्षात ठेवा. पाणी, भाकरी बरोबर घ्या, प्लास्टिक परत आणा.

आमच्या अकरा जणी येत्या पंधरवड्यात सिंदखेडराजाला जाणार आहेत, एसटीनं. चार मुलींनी आधीच सांगून ठेवलंय, मोती तलावाच्या बांधावर त्या आमच्या पुढे पळणार. तुमच्या गटाला यायचं असेल तर शुक्रवारच्या बैठकीत नावं सांगा. एसटीत अर्धं तिकीटच आहे आपल्याला.