शेवटच्या पंगतीतील गृहिणी



चाळिशी ओलांडलेल्या गृहिणीची तक्रार घरोघरी सारखीच असते : "खाणे पूर्वीएवढेच, मग पोट का सुटते?" त्यावर घरच्यांचे उत्तरही ठरलेले : "तोंडावर ताबा ठेव!" या उत्तरात शास्त्र अल्प आणि अन्याय अधिक आहे.

सलग 12 महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रीला ती साधारणतः 46-47व्या वर्षी येते. तिची चाहूल मात्र काही वर्षे आधीच लागते. इस्ट्रोजेन घटते आणि पूर्वी मांड्यांवर साठणारी चरबी पोटात साठू लागते. हीच चरबी मधुमेह व हृदयविकाराला निमंत्रण देते. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने झोप मोडते. अपुऱ्या झोपेने भूक चाळवणारे घ्रेलिन वाढते, तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन घटते. जिला हावरी म्हटले जाते, ती वस्तुतः झोपेची उपाशी असते.

2021 साली 'सायन्स' नियतकालिकात 29 देशांतील 6400हून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराची घडण जमेस धरता विसाव्यापासून साठाव्या वर्षापर्यंत ऊर्जेचा व्यय जवळपास स्थिर राहतो, असे त्यात आढळले. म्हणजे चाळिशीत जठराग्नी विझत नाही. झिजतात ते स्नायू. ते टिकवण्यास प्रथिने आणि व्यायाम हवा.

येथेच स्वयंपाकघराकडे पाहावे लागते. सर्वांची जेवणे उरकल्यावर गृहिणी पान घेते. तोवर उसळ संपलेली असते. उरलेला भात टाकवत नाही म्हणून तिच्या पानात येतो. उपवासाला साबुदाणा, ज्याच्या 100 ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिने नसतात! 55 किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे 46 ग्रॅम लागतात.

तेव्हा उपासमार नको. प्रत्येक जेवणात डाळ, मोडाची उसळ, दही किंवा अंडे असावे. आठवड्यात 150 मिनिटे भरभर चालावे, दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत ठेवावा. थकव्यासह वजन वाढत असेल, तर थायरॉईड तपासावे. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

आणि घरच्यांनी एवढेच करावे : तिचे पान आपल्याबरोबर मांडावे. जी घराला जेवू घालते, तिच्या वाट्याला उरलेसुरले येऊ नये.