'सब्जेक्ट टू औरंगाबाद ज्युरिस्डिक्शन'

वाळूजमधलं कुठलंही बिल हातात घ्या. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ असते : 'सब्जेक्ट टू औरंगाबाद ज्युरिस्डिक्शन'. शहराचं नाव बदललं, तरी पुष्कळ बिलबुकांवर ती ओळ अजून तशीच आहे. वाद झालाच तर तो इथल्या कोर्टात चालेल, एवढाच तिचा अर्थ. पुण्याच्या किंवा नाशिकच्या पार्टीपुढे तिला वजन आहे. चीनच्या पार्टीशी व्यवहार करताना मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका, हे सांगायला मी आज उभी आहे. जिथे समोरच्याचा कारखाना आहे, जिथे त्याचं बँक खातं आहे, तिथे चालेल असा कागद हवा.

काही वर्षांपूर्वी वाळूजचे एक कारखानदार माझ्या ऑफिसात आले. छोटं प्रेस शॉप, पंधराएक कामगार. चीनमधून एक प्रोग्रेसिव्ह डाय मागवलेली. तीस टक्के ॲडव्हान्स आणि उरलेले पैसे माल निघण्याआधी, असं ठरलेलं. सगळे पैसे टीटीने, म्हणजे थेट बँकेतून, गेले. डाय आली, प्रेसवर चढवली, तर जॉबला बर येतोय आणि भोकांची मापं बसत नाहीत. तोवर मिनिटात उत्तर देणारा सप्लायर गप्प झाला. "मॅडम, आपल्याकडे कागद पक्का आहे," म्हणत त्यांनी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, माझ्यापुढे सरकवला. तळाशी तीच ओळ होती.

मी त्यांना म्हणाले, दावा इथे लावता येईल, समोरचा आला नाही तर एकतर्फी हुकूमनामाही मिळेल. पण तो बजावायचा कुठे? चीनमध्ये परदेशी हुकूमनामा चालायचा तर दोन देशांत तसा करार लागतो, नाहीतर परस्परता दाखवावी लागते. आपल्याकडेही तसंच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली ज्या देशांचे हुकूमनामे थेट बजावता येतात, त्यांत सिंगापूर आहे, हाँगकाँग आहे, चीनची मुख्यभूमी नाही. म्हणजे कोर्टाची फी भरायची, तारखांना जायचं आणि शेवटी हाती आलेला कागद कपाटात ठेवायचा.

लवादाचं तसं नाही. परदेशी लवादाचे निवाडे मान्य करण्याच्या 1958 च्या न्यूयॉर्क करारात भारत 1960 पासून आहे आणि चीन 1987 पासून. 2012 मध्ये आपल्या सरकारने चीनचं नाव राजपत्रात अधिसूचित केलं, त्यामुळे तिकडचा निवाडा इथे बजावण्याची वाटही मोकळी झाली. चीनमधल्या एखाद्या खालच्या कोर्टाला परदेशी निवाडा नाकारायचा असेल, तर ते प्रकरण वर, थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत कळवावं लागतं. गावच्या कारखान्याला सांभाळून घेण्याच्या वृत्तीला त्याने बराच आळा बसतो. मात्र 'वाद लवादाकडे जाईल' एवढं मोघम लिहून भागत नाही. कोणती संस्था, कोणतं शहर, कोणती भाषा, हे तिन्ही लिहा. सिंगापूर आणि हाँगकाँग इथल्या संस्था दोन्ही बाजूंना सहसा मान्य होतात.

आणि रक्कम लहान असेल तर? माझं मत ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतात, पण मी विचारपूर्वक सांगते : करार चिनी भाषेत करा आणि वाद सप्लायरच्याच गावच्या कोर्टात चालेल असं लिहा. सिंगापूरच्या लवादाचा खर्च डायच्या किमतीहून जास्त होईल. सप्लायरच्या गावचं कोर्ट त्याचं खातं गोठवू शकतं, आणि ही भीती त्याला खरी वाटते.

पण आमच्या कारखानदारांची अडचण याच्याही आधीची होती. दावा कोणावर लावायचा, हेच कळेना. कोटेशनवर एक रुबाबदार इंग्रजी नाव, पैसे गेले ते हाँगकाँगमधल्या भलत्याच नावाच्या खात्यात, आणि कागदावर शिक्का नाहीच. खाली एका सेल्स मॅनेजरची सही, तीही फक्त पहिल्या नावाची.

चीनमध्ये कंपनीचं कायदेशीर नाव चिनी लिपीतलं असतं. इंग्रजी नाव ही हाक मारायची सोय, रोज बदललं तरी कोणी विचारत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी सप्लायरकडून बिझनेस लायसन्सची प्रत मागा. तिच्यावर अठरा स्थानांचा एक क्रमांक असतो. तो त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कंपनी जिवंत आहे का, तिचा कायदेशीर प्रतिनिधी कोण, धंदा कशाचा, हे कळतं. मग शिक्का पाहा. लाल, गोल, मधोमध पाच टोकांचा तारा आणि वरच्या कडेने कमानीसारखं चिनी नाव. हा शिक्का पोलीस खात्याकडे नोंदवलेला असतो, आणि तिकडे सहीपेक्षा त्याला मान जास्त. चिनी येत नसलं तरी लायसन्सवरचं अक्षर आणि शिक्क्यावरचं अक्षर शेजारी ठेवून जुळवता येतं. लग्नाच्या याद्या करताना आपण जेवढी नजर ठेवतो, तेवढी इथे ठेवली तरी पुष्कळ झालं.

तपासणीची मुदतही करारात घाला. चीनच्या नागरी संहितेत (ती 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे) दोष 'वाजवी वेळेत' कळवायला सांगितलंय. वाजवी म्हणजे किती, यावर वाद घालत बसण्यापेक्षा दिवस लिहून टाकलेले बरे. त्याहून चांगलं म्हणजे, उरलेले पैसे सोडण्याआधी तिथेच ट्रायल घेऊन नमुने मागवा.

ब्रँडबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडे आधी वापरणाऱ्याला हक्क आहे, चीनमध्ये मुख्यतः आधी नोंदवणाऱ्याला. 'आयपॅड' हे नाव तिथे दुसऱ्याच्या नावावर होतं, म्हणून ॲपलला 2012 मध्ये 6 कोटी डॉलर मोजावे लागले. खोक्यावर तुमचं नाव छापून घ्यायचं असेल, तर छापण्याआधी ते चीनमध्ये नोंदवा.

कागद चोख असला तरी सरकारचा कायदा मध्ये येतो, हेही जाणून असा. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचं चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी 2020 मध्ये ठरवलं. 17 एप्रिलला केंद्राची प्रेस नोट 3 आली आणि सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली. 15 जूनला महाराष्ट्र सरकारशी 3,770 कोटींचा सामंजस्य करार झाला, त्याच दिवशी गलवान खोऱ्यात भारत आणि चीनच्या सैन्यांची चकमक झाली. मंजुरी आली नाही, 2022 मध्ये मुदत संपली, आणि पुढच्या वर्षी तो कारखाना ह्युंदाईने घेतला. तिथल्या कामगारांनी मधली वर्षं कशी काढली असतील, याचा विचार केला की मला वाईट वाटतं.

तिकडचा कायदाही असाच मध्ये येतो. 4 एप्रिल 2025 ला चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारीला हीच चुंबकं लागतात. माल कोण वापरणार, कशासाठी वापरणार, याचं प्रमाणपत्र इथल्या खरेदीदाराला द्यावं लागू लागलं. आता तुमच्या पुढच्या पार्टीला तुम्ही तारीख देऊन बसलेले असता, आणि उशिराचा दंड तुमच्या पीओत असतो. परवाना अडला तर जबाबदारी कोणाची, हे दोन्ही करारांत सारखंच लिहिलेलं हवं. वरच्या करारात सूट आणि खालच्यात दंड असेल, तर मधला लघुउद्योजक भरडला जातो.

आमच्या कारखानदारांनी ती डाय शेवटी चिकलठाण्यातल्या एका टूल रूममध्ये पदरचे पैसे घालून दुरुस्त करून घेतली. दावा लावला नाही. दोन वर्षांनी दुसरी डाय मागवायची वेळ आली, तेव्हा ते लायसन्सची प्रत घेऊनच माझ्याकडे आले. मोबाईलवर शिक्क्याचा फोटो मोठा करून, एकेक अक्षर बोटाने दाखवत आम्ही दोघांनी नाव जुळवलं. चिनी करार, शिक्का आणि ट्रायलचे नमुने यायला तीन आठवडे गेले. उरलेले पैसे त्यांनी त्यानंतर सोडले.