समुद्रापार गेलेली आपली पाने

गावोगावहून आलेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, शिक्षक, विद्यार्थी मित्रहो,

चौंडेश्वरी मातेच्या मोहाडीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

संमेलन तालुक्याच्या गावी कशाला, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर इथून फार लांब नाही. कन्हानच्या काठी, कामठी-सिलेवाड्याच्या वालुकाश्मात ते आहे. हीच कन्हान पुढे आंभोऱ्याला आपल्या वैनगंगेला मिळते. १८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी या भागातले दगड फोडून पानांचे ठसे जमवले. जिभेच्या आकाराचे लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर आणि दोन्ही अंगांना बारीक शिरांची जाळी. हेच ते ग्लॉसोप्टेरिस. नागपूरला आगगाडी आली १८६७ साली. हे दगड त्याआधीच विलायतेला पोचले होते! तिथे चार्ल्स बनबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तपासून १८६१ साली निबंध छापला आणि एका वनस्पतीला हिस्लॉप यांचे नाव दिले.

तिकडे ऑस्ट्रेलियात विल्यम क्लार्क हेही धर्मोपदेशकच; ते तसली पाने जमवून केंब्रिजला धाडत होते. पुढे कलकत्त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या ओटोकार फाइस्टमांटेल यांनी आपल्याकडची पाने अभ्यासली आणि ऑस्ट्रेलियातलीही. एवढ्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर एकाच कुळातली झाडे कशी? या कोड्यातूनच एका जुन्या अखंड भूमीची कल्पना पुढे आली. १८८५ साली भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी तिला नाव दिले गोंडवनाचे, म्हणजे आपल्या गोंड बांधवांच्या मुलखाचे. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या शोधप्रवासी स्कॉट यांच्या तुकडीजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांतही ग्लॉसोप्टेरिस होते, म्हणजे दक्षिण ध्रुवाकडचा मुलूखही त्याच भूमीचा.

हिस्लॉप हे पाहायला उरले नाहीत. १८६३ साली टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांनी हे दगड आपल्याच कपाटात ठेवले असते, तर बनबरींना ते दिसलेच नसते. मला त्यांचे मोठेपण नमुने पाठवण्यात वाटते, जमवण्याइतकेच.

म्हणून माझी एक आग्रहाची विनंती आहे. आपापल्या भागातले वाळवलेले नमुने आपण दोन-दोन प्रतींत आणले आहेत. मंडपामागच्या दालनात टेबले मांडली आहेत, तिथे त्यांची अदलाबदल करावी. आमच्या टेबलावर ऐन आणि अर्जुनाची पाने आहेत, ज्यांवर कोसा रेशमाची अळी पोसली जाते आणि त्या रेशमावर मोहाडी-आंधळगावचे माग चालतात. कागदावर गाव, तारीख, जमवणाऱ्याचे नाव तर लिहावेच; ज्या गुराख्याने किंवा आजीबाईने झाड दाखवले, तिचे किंवा त्याचे नावही त्यांच्या संमतीने लिहावे. एक प्रत मोहाडीत राहू द्या. तिची काळजी आम्ही घेऊ.

आता संमेलनाध्यक्षांनी उद्‌घाटन करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.