पाहुण्यांचा रविवार



आम्ही कामगार चळवळीवर बोलावे, अशी चालकांची अपेक्षा असणार. पण आज आम्ही चिखलदऱ्याच्या एका घराविषयी बोलणार आहोत. चळवळ त्यात आपोआप येईल.

गिरणी बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशांतून आम्ही चौघांनी चिखलदऱ्यास तीन खोल्यांचे जुने घर घेतले. अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळिशीला टेकला की वऱ्हाडचा माणूस सातपुड्याकडे पाहतो, आणि चिखलदरा तर सुमारे १,१०० मीटर उंचीवर. खोल्या पाहुण्यांना द्याव्या, म्हातारपणाची मीठभाकर सुटावी, एवढाच विचार होता.

घर चालवू लागलो तेव्हा खरा हिशेब कळला. पावसाळ्यात धबधबे वाहू लागले की शनिवार-रविवारी झुंबड उडते आणि सोमवारी दुपारी घर रिकामे होते. म्हणजे कमाईचे दिवस महिन्यातून आठ-दहा, आणि वीज, कर, डागडुजी मात्र तिसांची. धुके खोलीत शिरते. चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, गाद्यांना बुरशी चढते. एवढा पाऊस पडतो तरी उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असतेच, कारण माथ्यावरचे पाणी दऱ्यांत निघून जाते. उन्हातून आलेल्या पाहुण्याला ते कसे ठाऊक असावे? तो मोकळ्या हाताने बादल्या रित्या करतो. टँकरचे पैसे आम्ही भाड्यात धरलेच नव्हते.

दुसरीही एक गोष्ट धरली नव्हती. घर राखण्यास आम्ही जवळच्या गावचे एक कोरकू जोडपे ठेवले होते. तो स्वयंपाक करी, ती धुणे-झाडणे करी. पाहुणे असतील त्या दिवसाचेच पैसे आम्ही देत होतो. गिरणीत याला 'बदली' म्हणत. ज्या बदलीविरुद्ध आम्ही उमेदीची वर्षे फाटकावर घसा कोरडा केला, तीच आम्ही आपल्या घरी चालवली!

एका रविवारी रात्री भांडी विसळता विसळता तो म्हणाला, "भाऊ, रविवारी तुमी सभा घेता, पाहुणे हवा खातेत, मंग माहा रविवार कवा येते?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटी मागितली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली आहे. एकाच्या सुटीसाठी दुसऱ्यास राबावे लागते, हे मात्र आम्ही कधी सांगितले नाही.

त्यानंतर आम्ही दोघांस बांधीव मासिक पगार लावला, बुधवारची सुटी दिली आणि चादरींचे जोड दुप्पट केले. फार गर्दी असली तर आमच्यापैकी कोणी तरी वर जाऊन बादली उचलतो. चौघांपैकी एकाने आपला हिस्सा काढून घेतला. "उरते काय?" हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. उरते थोडेच.

राज्यात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायदा कागदावरून घरात आणावयाचा तर संघटना हवी. पण डोंगरावर सुट्या सुट्या घरांत एकेकटे राबणाऱ्यांची संघटना कशी बांधावी? जेथे फाटकच नाही, तेथे फाटकसभा कोठे घ्यावी? तीस वर्षे चळवळीत काढूनही याचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. सुरुवात मात्र घरापासून करता येते.

आपणांपैकी ज्यांची अशी घरे आहेत त्यांनी वहीची पहिली ओळ राखणदाराच्या पगाराची लिहावी, आणि मग नफा मोजावा. जे पाहुणे म्हणून जातील त्यांनी भाव जरूर करावा, पण चहा आणून देणाऱ्याला, "तुझी सुटी कोणत्या वारी?" एवढे विचारावे. तो गप्प राहिला, तर तोच प्रश्न मालकाला विचारावा.