पंखा फक्त चारवरच का फिरतो?

भंडाऱ्याच्या मे महिन्यात गाडीचा एसी लावला आणि पंखा एक, दोन, तीनवर गप्प, पण चारवर जोरात फिरला, तर मोटर बदलायची घाई करू नका. बहुधा ब्लोअरचा रेझिस्टर जळालेला असतो. कमी वेगात वीज त्यातून जाते; पूर्ण वेगात ती त्याला वगळून थेट मोटरला मिळते.

बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे, हवेच्या वाटेतच असतो. तीच हवा त्याला थंड ठेवते. तुमसर-मोहाडीकडे धान मळणीची धूळ एसीच्या फिल्टरमध्ये साचली, की हवा कमी मिळून रेझिस्टर तापतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग प्लग सोडवून रेझिस्टर मल्टिमीटरने तपासा. प्लग वितळला असेल तर तोही बदला. आणि मोटर हाताने फिरवून बघाच. ती जड फिरत असेल, तर नवा रेझिस्टरही जळेल.