वकिलाने दिलेले बंदर



राजदूताला आपल्याकडे पूर्वी वकील म्हणत. न्हावा-शेव्यापुढचे हे बंदर अशाच एका वकिलाच्या बोलण्यातून हातचे गेले. फ्रान्सिस्को द मेलो हा पोर्तुगालचा लंडनमधला राजदूत. स्पेनशी लढायला पोर्तुगालला इंग्रजांची कुमक हवी होती. म्हणून २३ जून १६६१ रोजी तह झाला: राजकन्या कॅथरिन दुसऱ्या चार्ल्सला, आणि आंदणात टँजिअर व मुंबई.

आम्ही संघटनेची माणसे. आमची नजर सहीपेक्षा अंमलबजावणीवर. १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन चारशे शिपाई घेऊन ताबा घ्यायला आले. पोर्तुगिजांचा नवा गव्हर्नर इंग्रजांच्याच आरमारातून आला होता, हे विशेष! तरी त्याने ताबा नाकारला. कागद पुरे नाहीत म्हणे; शिवाय तहात नुसते मुंबई बेट की साष्टीसुद्धा, हा वाद. लंडनच्या मेजावर जे मोघम ठेवले, त्याची किंमत शिपायांनी मोजली. कारवारजवळ अंजदीव बेटावर ते ताप-हगवणीने पटापट मेले. शिपमनही १६६४ मध्ये तिथेच गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने मुंबई घेतली तेव्हा शंभराच्या आसपास शिपाई उरले होते.

करंजा मात्र पोर्तुगिजांकडेच राहिले, आणि मुंबईच्या मालावर तिथे जकात बसू लागली. १६६८ मध्ये राजाने मुंबई वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली.

इथल्या आगरी-कोळ्यांना यात कोणी विचारले नाही. जानेवारी १९८४ मध्ये याच उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच माणसे गोळीबारात पडली. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले.